दूरचा स्पर्श आणि जवळचा हक्क

दूर गेलेल्या माणसाचा आवाज ऐकू येणे, त्याचा चेहरा दिसणे यांचे आता कुणाला नवल वाटत नाही. कान आणि डोळा ही दोन इंद्रिये तंत्रज्ञानाने केव्हाच समुद्रापार नेली. आता प्रयत्न चालू आहे तो त्वचेचा. एकाने आपल्या मनगटावरचा पट्टा दाबायचा आणि हजारो मैलांवर असलेल्या त्याच्या जोडीदाराच्या मनगटावरचा पट्टा थरथरायचा, अशी साधने आज बाजारात विकत मिळतात. आपल्याकडे त्यांच्याविषयी कधी बोलणे झालेच तर ते थट्टेच्या सुरात होते. श्रीमंत देशांतल्या तरुण जोडप्यांचे चोचले, असे म्हणून आपण पुढे जातो.

मला मात्र वाटते की हा विषय ती साधने शोधून काढणाऱ्यांपेक्षा आपला अधिक आहे. नवऱ्याने समुद्रापलीकडे आणि बायकोने अलीकडे राहून संसार करायचा, ही गोष्ट रत्नागिरी, रायगड आणि सिंधुदुर्गातल्या मुस्लिम घरांना नवी नाही. अशा घरांनी या साधनांकडे कसे पाहावे? ती घ्यावीत की टाळावीत? आणि मुळात, दूर राहणाऱ्या माणसांना एकमेकांच्या स्पर्शाचा हक्क असतो का? या लेखात मला या प्रश्नांचा विचार करायचा आहे.

प्रथम साधने काय आहेत ते पाहू. १९९७ च्या सुमारास अमेरिकेतील एमआयटीच्या मीडिया लॅबमध्ये हिरोशी इशी यांच्या गटाने ‘इनटच’ नावाचे उपकरण तयार केले. लाकडाचे तीन रूळ असलेले दोन संच, दोन जागी ठेवलेले. एका ठिकाणी रूळ हाताने फिरवला की दुसरीकडचा तोच रूळ तसाच फिरे. तिकडच्या माणसाने तो अडवला तर इकडच्या हाताला तो अडथळा जाणवे. २००२ मध्ये फ्रान्सेस्का रोसेला आणि रायन गेन्झ यांनी ‘हग शर्ट’ची कल्पना मांडली. एकाने सदरा घालून स्वतःला मिठी मारायची आणि त्या मिठीचा दाब दुसऱ्याच्या सदऱ्यात उमटायचा, अशी ती कल्पना. सिंगापूरच्या राष्ट्रीय विद्यापीठात एड्रियन चेओक यांच्या प्रयोगशाळेत तर आधी कोंबडीवर प्रयोग झाला. कोंबडीच्या बाहुलीवर हात फिरवला की दूर असलेल्या खऱ्या कोंबडीच्या अंगावरचे जाकीट थरथरे. त्यातूनच पुढे मुलांसाठी ‘हगी पजामा’ निघाला. कामावर गेलेल्या आईबापांनी बाहुली दाबली की घरी असलेल्या मुलाच्या अंगावरचे जाकीट हवेने फुगून त्याला हळूच आवळी. २०१५ मध्ये ॲपलच्या घड्याळात आपल्या हृदयाचे ठोके दुसऱ्याच्या मनगटावर पाठवण्याची सोय झाली. २०२३ च्या फेब्रुवारीत चीनमधील चांगझोऊ येथील एका संस्थेने पेटंट घेतलेले, सिलिकॉनचे ओठ असलेले उपकरण चर्चेत आले. ओठांचा दाब, हालचाल आणि ऊब ते पलीकडे पोचवते, असा दावा होता. ज्याने ते शोधले तोही आपल्या प्रेयसीपासून दूर राहत होता.

ही यादी वाचून हसू येणे साहजिक आहे. पण हसण्यापूर्वी आपल्या घरांचा इतिहास आठवावा.

कोकणी मुसलमान आधी बोटीवर गेला. मुंबईच्या गोदीतून सुटणाऱ्या आगबोटींवर तो खलाशी होता, बॉयलरपाशी कोळसा ओढणारा होता. काही जण आफ्रिकेच्या किनाऱ्यावर गेले, केपटाऊनला स्थायिक झाले. १९७३ नंतर तेलाच्या किमती वाढल्या आणि आखाताची दारे उघडली. गावोगावी सिमेंटची घरे उभी राहिली, मशिदींना नवे मिनार आले, मुले-मुली शिकली. त्या पैशाचे मोल मी कमी लेखत नाही. पण त्या घरांत राहणाऱ्या बायकांनी वर्षे कशी काढली, याचा हिशेब आपण फारसा मांडला नाही.

आधी पत्रे होती. पत्र पंधरा-वीस दिवसांनी येई आणि ते बहुधा साऱ्या घरासाठी असे. अब्बांची तब्येत, शेताचा बांध, बहिणीचे लग्न, कुणाला किती पैसे द्यायचे हे सगळे त्यात असे. ‘घरात सर्वांना सलाम’ या शेवटच्या वाक्यात बायको येई. तिला वाचता येत नसेल तर दीर किंवा शेजारचा मुलगा पत्र वाचून दाखवी, आणि उत्तरही तोच लिही. अशा पत्रात ती काय सांगणार? मग टेपरेकॉर्डर आला, आवाज भरलेल्या कॅसेट येऊ लागल्या. त्याही सगळ्यांनी मिळून ऐकायच्या. मग बाजारपेठेतला आयएसडी बूथ आला. काचेच्या खोक्यात उभे राहून, मीटरवरचे लाल आकडे पळताना पाहत बोलायचे. त्यानंतर मोबाइल, आणि आता व्हिडिओ कॉल.

प्रत्येक नवे साधन आले तेव्हा अंतर कमी झाले असे सगळ्यांना वाटले, आणि एका अर्थाने ते खरेही होते. पण एक साधा प्रश्न आपण विचारला नाही. साधने सुधारत गेली तशी रजा वाढली का?

हिशेब करून पाहू. लग्न झाले, महिनाभरात नवरा परत गेला. दोन वर्षांनी दोन महिन्यांची रजा. अशी चोवीस वर्षे गेली तर बारा रजा झाल्या, म्हणजे चोवीस महिने. चोवीस वर्षांच्या संसारात सहवास दोन वर्षांचा. पत्राच्या काळात ज्याची नोकरी अशी होती त्याचा हिशेब हा होता, आणि व्हिडिओ कॉलच्या काळात ज्याची नोकरी अशी आहे त्याचाही तोच आहे. चिपळूणकडच्या एका वयस्कर बाईंनी एकदा मला सांगितले, “ते कायमचे घरी आले तेव्हा पाव्हणा आल्यासारखं वाटायचं. चहाचा कप त्यांच्या हातात द्यायचा तर मी टेबलावर ठेवायची.” तक्रारीचा सूर त्यात नव्हता. त्या हसत सांगत होत्या. हाताला हात लागण्याची सवयच राहिली नव्हती, एवढेच त्यांचे म्हणणे.

या बाबतीत केरळचा मापिला समाज आपल्यापेक्षा अधिक मोकळा निघाला. १९७० च्या दशकात एस. ए. जमील यांचे ‘दुबई कत्तु पाट्टु’ तिथे अतिशय गाजले. ‘कत्तु पाट्टु’ म्हणजे पत्रगीत. आखातातल्या नवऱ्याला बायकोने लिहिलेल्या पत्राचे ते गाणे. तिचे एकाकीपण, सरत चाललेले तारुण्य, शरीराची ओढ यांविषयी ते संकोच न करता बोलते. आपल्याकडे हे दुःख सब्र या एका शब्दाखाली झाकले गेले. सब्र हा मोठा गुण आहे. पण तो स्वतःहून करायचा असतो. दुसऱ्याच्या वतीने ‘ती सब्र करील’ असे ठरवून टाकण्याचा अधिकार कुणालाही नाही.

आता स्पर्शाकडे वळू. स्पर्श म्हणजे नुसता दाब नव्हे, हे विज्ञानानेही दाखवून दिले आहे. त्वचेतील ज्या मज्जातंतूंमुळे आपल्याला थरथर कळते ते ‘काहीतरी हलले’ एवढेच झटकन सांगतात. मोबाइलचे किंवा पट्ट्याचे कंपन मुख्यतः तेच टिपतात. पण केस असलेल्या त्वचेत आणखी एका प्रकारचे, अतिशय सावकाश चालणारे तंतू असतात. स्वीडनमधील संशोधकांनी गेल्या काही दशकांत त्यांचा सखोल अभ्यास केला. सेकंदाला साधारण १ ते १० सेंटिमीटर इतक्या गतीने, शरीराइतक्या ऊबदार हाताने कुरवाळले की हे तंतू सर्वांत जास्त जागे होतात. आई मुलाच्या पाठीवरून हात फिरवते ती हीच गती. म्हणजे मायेचा स्पर्श ओळखणारी वेगळी व्यवस्था आपल्या देहात मुळातच आहे. १९७८ मध्ये कोलंबियातील बोगोटा येथे डॉ. एडगर रे यांनी अपुऱ्या दिवसांच्या बाळांना आईच्या उघड्या छातीशी बांधून ठेवण्याची पद्धत सुरू केली. कमी वजनाची बाळे त्याने जगतात, हे पुढे जगभर मान्य झाले. स्पर्श जीव वाचवतो, हे तिथे शब्दशः खरे ठरले.

यावरून एक गोष्ट कळते. आज बाजारात असलेला थरथरणारा पट्टा फार तर दारावरची कडी वाजवतो, आत येत नाही. ‘मी आहे, तुझी आठवण झाली’ एवढा निरोप तो देतो.

पण निरोप म्हणजे खोटेपणा नव्हे, आणि इथे त्या साधनांच्या बाजूनेही बोलले पाहिजे. आपल्या परंपरेत दुरून केलेल्या खुणेला मान आहे. तवाफ करताना हजर-ए-अस्वदपर्यंत पोचता आले तर त्याला हात लावावा, चुंबन घ्यावे. गर्दीमुळे पोचता आले नाही तर दुरूनच हाताने इशारा करावा. लाखो हाजी तेच करतात आणि त्यांचा तवाफ अपुरा ठरत नाही. हात पोचत नाही, पण नीयत पोचते. याच न्यायाने दम्माममध्ये रात्रपाळी संपवून आलेल्या माणसाने मनगटावरचा पट्टा दाबला आणि खेडजवळच्या गावात फजरसाठी उठलेल्या त्याच्या बायकोचे मनगट थरथरले, तर त्या इशाऱ्याला मी थट्टेचा विषय करणार नाही. फक्त एवढे लक्षात ठेवायचे की इशारा करणाऱ्या हाजीला आपला हात दगडाला लागलेला नाही हे पक्के ठाऊक असते. इशाऱ्यालाच तो स्पर्श समजू लागला तर ती स्वतःची फसवणूक होईल.

कुणी म्हणेल, असल्या गोष्टी शरीअतमध्ये बसतात का, हे आधी विचारा. पतिपत्नींपुरते बोलायचे तर त्यांच्या जवळिकीचा इस्लामने कधी संकोच केलेला नाही. कुरआनने पती आणि पत्नी यांना एकमेकांचा पोशाख म्हटले आहे. अंगाला लागून असणारी, झाकणारी, ऊब देणारी वस्तू म्हणजे पोशाख. यापेक्षा स्पर्शाच्या जवळची उपमा कोणती? हजरत आयेशा (रजि.) पेल्याला ज्या जागी ओठ लावत त्याच जागी ओठ लावून पैगंबर साहेब (स.) पाणी पीत, ही हदीस प्रसिद्ध आहे. मुलांच्या बाबतीतही तेच. पैगंबर साहेबांनी (स.) आपल्या नातवाचे चुंबन घेतले तेव्हा एक सरदार म्हणाला की मला दहा मुले आहेत, मी एकाचेही असे घेतले नाही. ज्याच्यापाशी दया नाही त्याच्यावर दया केली जात नाही, या अर्थाचे उत्तर त्याला मिळाले. मायेचा स्पर्श ही आपल्याकडे कमजोरी मानलेली नाही. म्हणून पतिपत्नींनी साधन वापरावे की नाही यात मला फार मोठा धार्मिक पेच दिसत नाही. पेच दुसरीकडे आहे.

पहिला पेच तिसऱ्या माणसाचा. नवराबायकोच्या मधल्या गोष्टी बाहेर सांगू नयेत, हा आपला अदब आहे. सूरह नूरमध्ये तर घरातल्या मुलांनी आणि नोकरांनीही दिवसातल्या तीन वेळी परवानगी घेतल्याशिवाय खोलीत येऊ नये, असे सांगितले आहे. आता पट्टा दाबल्यावर काय होते ते पाहा. तो इशारा फोनमध्ये जातो, फोनमधून कंपनीच्या संगणकात आणि तिथून दुसऱ्या फोनमध्ये. म्हणजे त्या खोलीत परवानगी न घेता कुणीतरी कायमचे बसलेले असू शकते. ही केवळ शंका नाही. जोडप्यांसाठी जवळिकीचे उपकरण विकणाऱ्या कॅनडातील एका कंपनीवर २०१६ मध्ये अमेरिकेत खटला झाला. लोक ते केव्हा आणि कसे वापरतात याची माहिती कंपनी त्यांना न सांगता जमा करत होती, असा आरोप होता. २०१७ मध्ये कंपनीने ३७ लाख ५० हजार अमेरिकी डॉलर देऊन तडजोड केली. चीनमधल्या त्या ओठांच्या ॲपमध्ये तर अनोळखी माणसाशी जोडून घेण्याचीही सोय होती. यंत्राला नवरा कोण आणि परका कोण हे कळत नाही. ते फक्त दाब मोजते.

शिवाय मधला हा माणूस कंपनीच असतो असे नाही, सरकारही असते. संयुक्त अरब अमिरातीत इंटरनेटवरून फुकट बोलण्याच्या सोयींवर दीर्घकाळ बंधने राहिली. २०१८ मध्ये तिथे बोटिमसारख्या मान्यताप्राप्त ॲपवर बोलायचे तर मोबाइलधारकाला महिन्याला ५० दिरहम मोजावे लागत. बायकामुलांचा चेहरा पाहण्याचे भाडे! उद्या स्पर्शाचा निरोपही त्याच तारेतून जाणार आहे.

दुसरा पेच घरातला आहे आणि त्याविषयी बोलायला आपण अधिक कचरतो. व्हिडिओ कॉल आला तेव्हा अनेक घरांत आनंद आला, तशी एक नवी चौकशीही आली. कॅमेरा फिरव, खोलीत कोण आहे? फोन उचलायला एवढा वेळ का लागला? ऑनलाइन दिसत होतीस, कुणाशी बोलत होतीस? मायेचे साधन पहाऱ्याचे कसे होते, हे आपल्या लेकी-सुना जाणतात. मग मनगटावर चोवीस तास बांधलेल्या पट्ट्याचे काय होईल? तो थरथरला आणि तिने उत्तर दिले नाही तर? तिचे हात पिठात असतील, ती झोपली असेल, किंवा त्या वेळी तिला नको असेल. जवळ असलेल्या माणसाचा हात आपण बाजूला करू शकतो आणि त्याला आपला चेहरा वाचता येतो. दूरच्या हाताला चेहरा दिसत नाही. म्हणून स्पर्शात नकाराची जागा जेवढी महत्त्वाची, तेवढीच ती दूरच्या स्पर्शात अधिक जपली पाहिजे. पट्टा काढून ठेवण्याचा हक्क दोघांनाही असेल तरच तो भेटवस्तू आहे. नाहीतर ती बेडी आहे.

तिकडच्या माणसाचाही विचार करायला हवा. गावाकडे ‘दुबईवाला’ म्हणून त्याचा रुबाब असतो. प्रत्यक्षात कामगारांच्या वस्तीत एका खोलीत सहा-आठ जण, एकावर एक पलंग, पडदा लावून केलेला कोपरा. मिठीचा सदरा त्याने कुठे घालायचा? ज्याला एकांतच नाही त्याला जवळिकीचे साधन देऊन काय उपयोग? एकांत हाही पगारावर अवलंबून असतो, हे ही साधने बनवणाऱ्यांच्या ध्यानात आलेले दिसत नाही.

आता मुख्य मुद्द्याकडे येतो. हजरत उमर (रजि.) यांच्या खिलाफतीतील एक हकीकत आपल्यापैकी अनेकांनी वाझमध्ये ऐकली असेल. ते रात्री मदिनेत गस्त घालत असताना एका घरातून एका स्त्रीचा आवाज त्यांच्या कानी आला. तिचा पती फौजेत दूर गेला होता आणि ती आपल्या एकटेपणाचे शेर म्हणत होती. चौकशी केल्यावर त्यांना सगळे कळले. मग ते आपली मुलगी हजरत हफ्सा (रजि.) यांच्याकडे गेले आणि त्यांनी विचारले, स्त्री आपल्या पतीवाचून किती काळ राहू शकते? बापाने मुलीला असा प्रश्न विचारणे सोपे नव्हते, आणि तिने उत्तर देणेही. पण उत्तर मिळाले आणि त्याप्रमाणे त्यांनी हुकूम काढला की सैनिकाला त्याहून अधिक काळ घरापासून दूर ठेवू नये. ही मुदत काही कथनांत चार महिने येते, काहींत सहा.

या हकीकतीत मला दोन गोष्टी मोलाच्या वाटतात. पहिली, खलिफांनी स्वतःच्या अंदाजाने काही ठरवले नाही, ज्यांना ठाऊक होते त्यांना विचारले, आणि तेही एका स्त्रीला. दुसरी, त्यांनी त्या स्त्रीच्या दुःखाला राज्यकारभाराचा प्रश्न मानले. तिला सब्राचा उपदेश केला नाही, पतीची पत्रे लवकर पोचावीत म्हणून डाकेची व्यवस्थाही वाढवली नाही. सैनिकाची रजा ठरवली. तो तिचा हक्क आहे असे त्यांनी धरले, आणि हक्काची भरपाई सोयीने होत नाही.

आज रजा कोण ठरवतो? मालक, व्हिसा आणि पगार. संयुक्त अरब अमिरातीने २०१९ मध्ये नियम केला की दरमहा ४,००० दिरहम, किंवा ३,००० दिरहम आणि राहायला जागा, एवढी मिळकत असेल तर कामगाराला कुटुंब आणता येईल. आधीच्या नियमात कामाचा हुद्दा पाहत असत, त्यापेक्षा हा बरा. पण त्याचा अर्थ असाही होतो की २,००० दिरहम मिळवणाऱ्याला बायकोजवळ राहण्याचा हक्क नाही. सौदी अरबस्तानने जुलै २०१७ पासून परदेशी कामगारांच्या कुटुंबीयांवर माणशी दरमहा १०० रियाल शुल्क लावले. ते दर वर्षी १०० ने वाढत २०२० मध्ये ४०० वर गेले. बायको आणि दोन मुले म्हणजे महिन्याला १,२०० रियाल. अनेकांनी तेव्हा कुटुंबे मायदेशी पाठवली. जवळ राहण्यावर लावलेला हा करच नव्हे काय?

अशा व्यवस्थेत स्पर्शाचे साधन येते तेव्हा ते कुणाची सोय करते? नवराबायकोची थोडीशी. पण मालकाची त्याहून जास्त, कारण त्याला म्हणता येते की आता काय, रोज भेटताच की! घरातल्या मोठ्यांचीही सोय होते. ‘आणखी दोन वर्षे काढ, वरचा मजला होऊ दे’ असे सांगणे सोपे जाते. आणि समाज म्हणून आपलीही होते, कारण एक अवघड प्रश्न पुढे ढकलता येतो. दुखणे सहन होईल इतके कमी करणारे औषध कधी कधी दुखण्याचे कारण शोधू देत नाही, तसे हे आहे.

स्पर्शाची आणखी एक बाजू या साधनांच्या जाहिरातीत येत नाही. स्पर्श हे कामही आहे. ताप आलेल्या मुलाच्या कपाळावर रात्रभर ओल्या पट्ट्या बदलणारा हात, अंथरुणाला खिळलेल्या सासूला कूस बदलून देणारा हात, मय्यताला गुस्ल देणारा हात. दूर गेलेला नवरा पट्टा दाबून प्रेम पाठवू शकेल, पण हे ओझे उचलू शकणार नाही. ते त्याच्या बायकोच्या हातांवरच राहील. तिला हवी असलेली जवळीक पुष्कळदा एवढीच असते की आज रात्री अम्मींपाशी कुणीतरी दुसरे जागेल. २०२० मध्ये कोविडच्या काळात आखातात वारलेल्या अनेकांचे दफन तिथेच झाले आणि घरच्यांना माती देता आली नाही. ज्यांनी मोबाइलच्या पडद्यावर कबर पाहिली त्यांना विचारावे, दिसणे आणि हात लागणे यांत किती अंतर असते.

मग करायचे काय? गरजेपोटी गेलेल्या माणसाला दोष देण्यात अर्थ नाही. कर्ज, बहिणींची लग्ने, इथे न मिळालेली नोकरी यांनी त्याला तिकडे ढकलले. साधनांवर बहिष्कार घालण्यातही अर्थ नाही. पत्राला, फोनलाही कधी काळी नाके मुरडली गेली होती. पण काही गोष्टी आपल्या हातात आहेत. निकाह हा करार आहे आणि त्यात शर्ती घालता येतात. मेहर किती यावर आपण तासन् तास बोलतो. नवरा परदेशी राहणार असेल तर किती काळ, रजा केव्हा, पत्नीला केव्हा नेणार किंवा तो केव्हा परतणार, हेही त्याच बैठकीत बोलावे, लिहून घ्यावे, आणि ते मुलीला विचारून ठरवावे. आखातातील आपल्या जमाती गावच्या मशिदीसाठी, मदरशासाठी वर्गणी काढतात. आजारी आई-वडिलांसाठी किंवा बाळंतपणासाठी घरी यायला तिकिटाचे पैसे नसलेल्या कामगारासाठी एखादा निधी त्यांना उभारता येईल. त्या तिकिटाची किंमत एखाद्या मिनाराहून कमीच असेल.

आणि ज्यांना साधन घ्यायचे आहे त्यांनी जरूर घ्यावे. फक्त एक कसोटी जवळ ठेवावी. गावाकडून गेलेल्या प्रत्येक पत्रात, कॅसेटमध्ये, फोनमध्ये शेवटी एकच प्रश्न असे: कधी येणार? नवे साधन हा प्रश्न विचारायला बळ देत असेल, परतण्याची तारीख जवळ आणत असेल, तर ते बरकतीचे आहे. पण त्याच्या थरथरीत तो प्रश्नच विरून जात असेल, तर ते कितीही ऊबदार असले तरी दूर ठेवावे, आणि तिकीट काढावे.